पाणी कुठं बसतंय

जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरमधून धूर येतो का बघतो, मीटरवरचे किलोमीटर बघतो. मग छत उघडून आत बसला की संपलंच. त्यानंतर तो गाडी तपासत नसतो, मनानं आंबोलीला पोचलेला असतो. मला हे समजतं. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची गाडी बघून जीव हरखणं यात गैर काही नाही. पण ती घ्यायची की नाही हे ज्या जागा ठरवतात त्या गाडीच्या पोटाखाली, कार्पेटखाली आणि पत्र्याच्या दोन थरांच्या मधे असतात. तिथं बघायचं तर गुडघे टेकावे लागतात, प्रसंगी पोतं अंथरून पाठीवर झोपावं लागतं.

इंजिनाची मला कोल्हापुरात फारशी धास्ती वाटत नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअर करून मिळतो, लायनर बसतो, क्रँक ग्राइंड होतो, बाजारात न मिळणारा पार्ट नमुना बघून बनवून देणारी माणसं आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत देशभरच्या वाहनांचे बिडाचे भाग ओतले जातात. मी स्वतः अशाच एका फौंड्रीत कास्टिंगच्या तपासणीत उमेदीची वर्षं घालवली. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जॉबच्या पोटात पोकळी कुठं असेल, हे शोधणं हेच माझं काम. त्यामुळं सांगते, ओतीव लोखंडाचं दुखणं या गावात बरं होतं. पातळ पत्र्याचं तसं नाही. गाडीच्या बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. तो आतून खाल्ला गेला की तिथं जोडायलाच काही उरत नाही.

दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक येते तेव्हा सगळे तिच्या रुबाबाकडं बघतात. मला तिची चॅसी आठवते. १९३०च्या दशकातल्या त्या गाड्यांना खाली जाडजूड स्वतंत्र चॅसी असायची आणि वर बॉडी बांधलेली असायची. बॉडीला गंज लागला तरी गाडीचा कणा शाबूत राहायचा. आताच्या कारला असा वेगळा कणा नाही. पातळ पत्रे घडी घालून, स्पॉट वेल्डिंगनं जोडून पोकळ पेट्या केलेल्या असतात आणि त्या पेट्याच सगळा भार घेतात. म्हणजे पत्र्याचा गंज हा इथं दिसण्याचा प्रश्न उरत नाही, गाडी अपघातात टिकेल की नाही इथपर्यंत तो जातो. आणि ज्या गाडीला पत्र्याचं छतच नाही तिच्यात तर हे दुप्पट खरं. वरून धरून ठेवणारं काही नसल्यामुळं पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचं ओझं दारांखालच्या पेट्यांवर येतं. गॅरेजात या पेटीला रनिंग बोर्ड म्हणतात. उघड्या गाडीत रनिंग बोर्ड हाच कणा.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण माझा भाचा. पुण्यात नोकरीला आहे, पण गाडी त्याला कोल्हापुरातच सापडली. बीएमडब्ल्यूची झेड फोर, तिची २००२ ते २००८ या काळातली पहिली पिढी, जिला जाणकार ई-८५ म्हणतात. कापडी छत, मुंबई पासिंग, काही वर्षांपूर्वी इथं आलेली. मालक सज्जन गृहस्थ, गाडी पुसून-लपेटून ठेवणारे. भाच्यानं फोनवर सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "छताची मोटर तेवढी गेलीय मावशी, छत हातानं उघडावं लागतं. किरकोळ काम आहे."

मी म्हटलं, ते किरकोळ कामच आधी बघू.

बरोबर आमचे डेंटर मामा होते. आयुष्यभर पत्रा ठोकलेला माणूस. गाडी बघायला जाताना त्यांच्या पिशवीत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं मॅग्नेट, एक बोथट पेचकस आणि पाण्याची बाटली असते. पाण्याची बाटली प्यायला नसते. रस्त्यात भाचा त्यांना विचारत होता, गंज कुठं कुठं शोधायचा, यादी करून घेतो. मामा म्हणाले, "गंज नगा शोधू. पाणी कुठं बसतंय ते शोधा, गंज तिथंच घावतोय."

मला या विषयात जे म्हणायचं आहे ते हेच आहे. गंजाला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. लोखंड आणि हवा सगळीकडंच आहेत, फरक पडतो तो पाणी किती वेळ थांबलं याने. पावसात भिजून उन्हात वाळलेली गाडी वर्षानुवर्षं टिकते. रोज पुसलेल्या, कव्हर घातलेल्या गाडीच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी महिनोन्‌महिने अडकलं तर तो कोपरा जातो. म्हणून गाडीभोवती फिरताना मनात एकच प्रश्न धरायचा. इथं पडलेलं पाणी पुढं कुठं जातं?

वरून सुरुवात करा. काचेवरचं पाणी बॉनेटच्या मागच्या पन्हळीत उतरतं. तिथं गुलमोहराची पानं कुजत पडली असतील तर पाणी थांबणारच. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. दार उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवा, शिवणीला फुगवटा लागतो का बघा. डिकीची चटई उचला, स्टेपनीचा खड्डा असेल तर त्यात हात घाला. बॅटरी जिथं बसवली आहे तिथला पत्रा बघा, कारण तिथं पाण्याच्या जोडीला अ‍ॅसिडही असतं. चाकांच्या कमानीची आतली घडी बोटानं चाचपा, चिखल धरून ठेवणारी ती जागा. एवढं पाच-दहा मिनिटांत होतं.

कापडी छताच्या गाडीत मात्र खरी गंमत सीटच्या मागं असते. छत घडी होऊन जिथं बसतं तिथं दोन्ही बाजूंना खळगे असतात. कापडावरून ओघळलेलं पाणी तिथं जमतं आणि नळीवाटे खाली चाकाजवळ निघून जातं. नळी तुंबली की पाणी दुसरी वाट शोधतं. जपानी माझदाची एमएक्स-५ ही १९८९ पासूनची गाजलेली दोन सीटची गाडी. आपल्याकडं ती कंपनीनं कधी विकली नाही, पण जगात जिथं जिथं ती जुनी झाली तिथं तिचं दुखणं ठरलेलं आहे. छताच्या नळ्या तुंबतात, पाणी रनिंग बोर्डात उतरतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढं पत्रा आतून सडतो. आणि झेड फोरच्या या पिढीत छत हलवणारी हायड्रॉलिक पंपाची मोटर नेमकी डाव्या बाजूच्या खळग्यातच, तळाला बसवलेली आहे. नळी तुंबली की ती मोटर बुडते.

म्हणून भाच्यानं "मोटर गेलीय" म्हटल्यावर मला मोटरीची काळजी वाटली नाही. मोटर बुडाली असेल तर तिला बुडवणारं ते पाणी नंतर कुठं गेलं, याची वाटली.

मामांनी मालकांची परवानगी घेतली आणि छत निम्मं उचलून उजव्या खळग्यात बाटली हळूहळू रिती करायला लागले. भाचा खाली वाकून बघत होता. थोड्या वेळात उजव्या मागच्या चाकाजवळ धार लागली. आधी गढूळ, मग स्वच्छ. मामांनी मान हलवली. मग बाटली भरून आणून डाव्या बाजूला ओतायला सुरुवात केली. आम्ही सगळे खाली बघत होतो. फरशी कोरडीच. मामा ओतायचे थांबले. त्यांनी टॉर्च खळग्यात धरला तर पाणी तिथंच उभं, वर पानांचा काळा लगदा तरंगत होता. मिनिटभरानं पातळी थोडी उतरली, तरी चाकाजवळ थेंब आला नाही. मामांनी डाव्या सीटच्या मागं कार्पेटखाली हात घातला आणि बोटं बाहेर काढून मालकांना दाखवली. ओली होती. खाली आवाज दाबायला चिकटवलेला फोमचा थर असतो, त्यानं पाणी शोषून धरलं होतं. वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडं लागत होतं.

मालक खरोखरच चकित झाले. गाडीत वास येतो म्हणून ते सुगंधी डबी ठेवत होते.

पुढची तपासणी डाव्या रनिंग बोर्डाची. मागच्या चाकाच्या पुढं, बोटभर जागेत रंगाला चार-दोन बारीक फोड होते. लांबून धूळ वाटावी इतके. असा फोड वरून खरचटल्यामुळं येत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा मागतो. आत गंज वाढतो आणि रंगाला बाहेर ढकलतो. म्हणजे फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच उरकलेलं असतं. मामांनी फडक्यातलं मॅग्नेट पुढच्या बाजूनं मागं सरकवत आणलं. पुढं घट्ट धरत होतं, फोडांच्या आसपास सुटायला लागलं. तिथं कधीतरी लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून रंग मारलेला होता. कुंभाराकडं मडकं घेताना टिचकी मारून ऐकतात तसं मामांनी पेचकसाच्या मुठीनं ठोकत ऐकलं. पुढं खणखणीत, मागं बद्द.

मॅग्नेटबद्दल एक सांगून ठेवते. काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, कुठं मडगार्ड प्लास्टिकचं असतं. तिथं मॅग्नेट धरत नाही म्हणून लगेच लांबी भरलीय असं समजू नये. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो. २०० ते ३०० आला तर पुन्हा रंगवलंय. हजाराच्या पुढं आकडा गेला तर खाली लांबीच आहे. पुन्हा रंगवणं हा गुन्हा नव्हे, पार्किंगमधे घासलेली गाडी सगळेच रंगवतात. एकाच जागी, तेही पाणी बसणाऱ्या जागी जाडी आढळली तर मात्र विचारावं.

भाच्यानं मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आणला होता. रनिंग बोर्डाला खालून रबरी बुचं असतात. त्यातलं एक काढून कॅमेरा आत सारला. उजव्या पेटीत भिंतींवर रंग होता, थोडी धूळ, बाकी काही नाही. डाव्या पेटीत तळाला तपकिरी पापुद्रे पडले होते, एकावर एक, आणि शिवणीच्या कडेला पत्रा कुरतडल्यासारखा झालेला. भाचा बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला.

तरी मामांनी आणखी एक परीक्षा घेतली, आणि उघडी गाडी घेणाऱ्यानं ती न चुकता घ्यावी असं माझं मत आहे. दार बंद असताना दाराच्या मागच्या फटीत वरपासून खालपर्यंत किती जागा आहे ते बघून ठेवायचं. मग त्या बाजूच्या जॅक पॉइंटला जॅक लावून चाक जरा उचलायचं, दार उघडायचं आणि सावकाश परत लावायचं. सांगाडा शाबूत असेल तर दार पहिल्यासारखंच लागतं. कणा मऊ झाला असेल तर फट वर मिटते किंवा दार घासतं. जॅक पॉइंटच आत दबायला लागला तर उत्तर तिथंच मिळालं. या गाडीचं दार नीट लागलं. म्हणजे नुकसान मागच्या कोपऱ्यापुरतं होतं, अजून कण्यापर्यंत पसरलं नव्हतं. मला बरं वाटलं. गाडी आपली नसली तरी चांगलं लोखंड वाचलेलं बघून बरं वाटतंच.

सगळ्याच गंजाला घाबरायचं नाही, हेही भाच्याला दाखवलं. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत चढलेला नारिंगी थर चार वेळा ब्रेक दाबल्यावर जातो. सस्पेन्शनचे जाड ओतीव भाग, सायलेन्सर, बोल्टांची डोकी तपकिरी दिसणारच. जाड लोखंडावरची ही वरवरची भुकटी असते. बोटाला लागते, पण खाली धातू टणक असतो. भीती बाळगायची ती पापुद्र्यांची, आणि पातळ गोष्टींवरच्या गंजाची. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या बुडाखालून जातात. त्यावर फोड दिसले तर बाकी गाडी कितीही देखणी असू दे, तिथं तडजोड नाही. आणि बुडाला विक्रीच्या तोंडावर नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं असेल तर मी तरी ती गाडी सोडून देईन. खाली काय झाकलंय हे खरवडल्याशिवाय कळत नाही आणि खरवडू कोण देणार?

मुंबई पासिंगचा मुद्दा वेगळा. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेत राहतं, त्यामुळं पाऊस नसतानाही पत्रा ओला राहतो. मुंबई, गोवा, रत्नागिरीकडच्या गाडीचं बूड जास्त बारकाईनं बघावं. इंग्लंडमधे वापरून कुणी सामानाबरोबर आणलेली गाडी असेल तर आणखी जास्त, कारण तिथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच टाकतात. गाडीचं सालही बोलतं. पोर्शनं १९७५ पासून ९११चा पत्रा जस्ताचा थर दिलेला वापरायला सुरुवात केली, पुढं इतरांनीही तो रस्ता धरला. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून त्यानंतरच्या चांगल्या गाड्या वरून सहसा गंजत नाहीत. पण साचलेल्या पाण्यापुढं जस्तही संपतंच.

आणि कोल्हापुरात गाडी घेताना पुराचं विचारायला लाजू नये. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्या पोरांनाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमधे आणि २०२१च्या जुलैमधे पंचगंगेनं कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, रमणमळा सगळं कवेत घेतलं होतं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता. त्या दिवसांत कितीतरी गाड्या जागच्या जागी बुडाल्या. धुऊन, वाळवून, नव्या सीट कव्हरसह त्यातल्या काही नंतर बाजारात आल्या असणारच. पुराचा गाळ मात्र हट्टी असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून स्क्रू बघा, फ्यूजच्या पेटीचे कोपरे बघा. उंचावरचे स्क्रूही गंजलेले असतील तर पाणी तिथवर चढलं होतं. या झेड फोरचे पट्टे स्वच्छ होते, डॅशबोर्डखाली सगळं चकचकीत. तिनं पूर पाहिला नव्हता. तिचं जे झालं ते तुंबलेल्या एका नळीनं केलं.

ही गाडी आता पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्यानं करून घेतलेली, पर्यावरण कर भरलेला. कागद चोख होते. भाचा म्हणाला, "पण आरटीओनं पास केलीय की." आरटीओ गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघतं. कार्पेट उचलून बघणं घेणाऱ्याचं काम.

व्यवहाराचं काय करायचं यावर आम्ही तिथंच मालकांसमोर बोललो. जे दिसलं ते सगळं त्यांना दाखवायचं, भाव पाडायला म्हणून वाढवून सांगायचं नाही आणि दडवायचंही नाही, असं माझं मत. त्यांनी स्वतः कॅमेऱ्यातून आतला पत्रा बघितला. मामांनी काम समजावून सांगितलं. आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार तात्पुरता वेल्ड करायचा, कारण छत नसलेल्या गाडीचा रनिंग बोर्ड असाच कापला तर गाडी वाकते आणि मग दार जन्मभर लागत नाही. मग सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा, तेवढाच नवा पत्रा वळवून बसवायचा, जस्ताचा प्रायमर, आणि जोड झाल्यावर पेटीच्या आत मेणाचा फवारा. आणि या सगळ्याच्या आधी नळी साफ करायची, नाहीतर नवा पत्राही त्याच वाटेनं जाणार. "लांबी भरून द्यायची तर उद्या देतो," मामा म्हणाले, "पर मी देणार न्हाई."

भाच्याला त्या दिवशी सही करायची होती. त्यानं केली नाही. रंग, छत, चाकं सगळं त्याला आवडलं होतं आणि तो रस्ताभर गप्प होता. मालकांनी दोन दिवसांनी मामांना फोन करून काम करायला सांगितलं, गाडी कुणाला विकायची ते नंतर बघू म्हणाले. गाडी आता गॅरेजात आहे, दाराच्या चौकटीत बार वेल्ड झालाय, कापायचं काम या आठवड्यात. रनिंग बोर्ड बंद करायच्या आधी मला फोन करा, असं भाच्यानं मामांना सांगून ठेवलंय.